वेचणीचा दर गावाने ठरवला, तरी तो आठवडाभरही का टिकला नाही?

प्रश्न : शेतकरी, घाटंजी तालुका

दसऱ्यानंतर आमच्या गावात शेतकऱ्यांची बैठक झाली आणि कापूस वेचणीला किलोमागे दहा रुपयांहून अधिक कोणी द्यायचे नाही, असे सर्वानुमते ठरले. आठवडा उलटण्याआधीच शेजारच्या गावचे ऑटो सकाळी पारापाशी उभे राहू लागले, बारा रुपयांवर बाया तिकडे गेल्या आणि मग बैठकीत मान डोलावणाऱ्यांपैकीच दोघा-तिघांनी गुपचूप तेरा दिले. शेवटच्या वेचणीला तर पंधरा मोजावे लागतात. मजुरीचा दर नेमका ठरतो कसा? ‘रोजगार हमीमुळे मजूर मिळत नाहीत’ हे गावातले ठरलेले उत्तर मला पटत नाही.

उत्तर : अर्थशास्त्राचे प्राध्यापक, अमरावती

ते न पटणे योग्यच आहे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये रोज होता आणि तोही मोजमाप होऊन, बँकेच्या खात्यात, पुष्कळदा उशिरा मिळतो. उन्हाळ्यात गावात दुसरे काम नसते तेव्हा या दराचा आधार मजुरीला नक्की मिळतो. परंतु ऐन वेचणीत चाळीस किलो कापूस वेचणारी बाई दहाच्या दरानेही चारशे रुपये घरी नेते, त्यामुळे त्या दिवसांत ओढ दुसरीकडून असते.

तुमचा ठराव म्हणजे मजूर लावणाऱ्यांची एकजूट होती. अशी एकजूट मजुराला जायला दुसरी जागा नसेल तोवरच टिकते, आणि शेजारच्या गावचा ऑटो ही तुमच्याकडच्या बायांची दुसरी जागा ठरली. शिवाय सगळ्यांचा कापूस एकाच सुमारास फुटतो. ढग आले की फुटलेला कापूस भिजून कवडी (डागाळलेला, कमी भावाचा कापूस) होण्याच्या भीतीपुढे जास्तीचे दोन रुपये किरकोळ वाटू लागतात. ठराव मोडण्यात प्रत्येकाचा फायदा आणि पाळण्यात फक्त इतरांचा, अशी ती स्थिती असते.

सोयाबीनशी तुलना केली की आणखी एक गोष्ट दिसते. सोंगणीचा (कापणीचा) एकरी हुंडा, म्हणजे ठोक ठरवलेली मजुरी, हार्वेस्टरच्या भाड्यापलीकडे फारसा जाऊ शकत नाही, कारण मजुराला पर्याय उभा आहे. कापसाची बोंडे टप्प्याटप्प्याने फुटतात आणि झाड पसरट असते, त्यामुळे आपल्याकडे यंत्राने वेचणी अजून रुळलेली नाही. तरीही कमाल मर्यादा असतेच. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. वेचणीला किलोमागे बारा रुपये धरले तर त्यातले सुमारे पंधरा टक्के तिथेच गेले. भाव पडले आणि दर चढले की शेतकरी फरदडीच्या (तेच पीक पुढे राखून पुन्हा कापूस घेण्याच्या) नादी न लागता वावरात शेळ्या सोडतो, आणि मजुरीची मागणी तिथे संपते.

उत्तर : वेचणीच्या टोळीची प्रमुख, आर्णी तालुका

सरांनी मांडलेला हिशोब बरोबर आहे, पण भाऊ, तुम्ही किलोचा दर पाहता आणि आम्ही दिवसाचा रोज पाहतो. पहिल्या वेचणीत झाड लदलेले असते; शेवटच्या वेचणीत बोंडे विरळ, काटक्या टोचणाऱ्या, आणि दिवसभर वाकूनही वीस किलो भरत नाहीत. त्या वेळी पंधराचा दर म्हणजे जेमतेम तीनशे. दर वाढलेला दिसतो, रोज मात्र उतरलेला असतो.

कोणत्या वावरात जायचे, हे एकट्या दरावर ठरत नाही. कोणाचा ताणकाटा (टांगून वजन करायचा काटा) खरा आहे, कोण धडप्याच्या, म्हणजे गाठोड्याच्या फडक्याच्या वजनाच्या, नावाखाली प्रत्येक गाठोड्यामागे किलोभर कापून घेतो आणि कोणाचा चुकारा बाजाराच्या दिवशी न चुकता मिळतो, हे टोळीतल्या प्रत्येकीला पाठ असते. मागच्या वर्षीचे पैसे ज्याने होळीपर्यंत लांबवले, त्याला आम्ही रुपयाने जास्त दरावरही शेवटी धरतो. आणि दूरच्या गावी दर चांगला असला, तरी दिवेलागणीच्या आत घरी परतता आले पाहिजे, कारण पाणी, स्वयंपाक आणि लेकरे आमच्याच माथी असतात. म्हणून दहा-बारा कोसांवरचा चढा दर आमच्या उपयोगाचा नसतो.

फवारणीला पुरुषांना जास्त रोज मिळतो, यावर बाया कुरकुरतात. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, तेव्हापासून त्या रोजात जिवाची जोखीमही धरलेली आहे, हे मान्य करावे लागते. निंदणाला मात्र त्याच तासात (पिकाच्या ओळीत) उभ्या असलेल्या बाईला कमी का, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

प्रश्नकर्ता

ताई, काट्याचा मुद्दा आमच्या बैठकीत निघालाच नव्हता. पुढच्या वर्षी ठराव करायचाच झाला, तर तो कशाचा करावा?

उत्तर : टोळीप्रमुख

दराचा करू नका, पाळीचा करा. कोणाचे वावर कोणत्या दिवशी, हे पोळ्यानंतर बोंडे पाहून आमच्यासोबत बसून ठरवा, काटा पारावर सगळ्यांसमोर तपासा आणि ऑटोचे भाडे तुम्ही द्या. पाऊस आला तर पाळी मोडेल, हे दोघांनीही आधीच धरून चालावे.