माडीवरील सागवानी फळ्या करकरतात : खिळे, स्क्रू की पाचर?

नमस्कार.

पणजीतील मळा भागात आमचे वडिलोपार्जित घर आहे. भिंती चिऱ्याच्या, माडीची जमीन सागवानी फळ्यांची आणि त्याखाली किंदळाच्या तुळया. माडीवरच्या मधल्या खोलीत कोणी चालले की फळ्या इतक्या करकरतात की खाली झोपलेल्या आईला जाग येते. फळ्या काढून टाकाव्यात, असे घरात सुचवले जात आहे. मला मात्र त्या वाचवायच्या आहेत, कारण इतके रुंद आणि बिनगाठीचे सागवान आता सहजासहजी मिळत नाही.

मृगाचा पाऊस लागला की लाकूड ओल धरून फुगते, फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात आणि आवाज जवळजवळ थांबतो. दिवाळीनंतर फटी उघडू लागतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत करकर सर्वाधिक असते. बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिले असता, पाय पडताच खिळ्याचे डोके जागच्या जागी राहते आणि फळी त्याच्याभोवती खाली-वर होते, हे स्पष्ट दिसते. भोकाच्या कडेला गंजाची तपकिरी पूडही जमलेली असते. वाळवीची शंका आधीच दूर केली आहे. खालच्या तक्तपोशीची एक फळी काढून, तुळयांची जी टोके भिंतीत गेली आहेत आणि जिथे पावसाळ्यात चिरा ओल धरतो, ती टोच्याने टोचून पाहिली. लाकूड टणक आहे आणि मातीच्या नळ्या कुठेही नाहीत.

फटींत शंखजिरे भरल्याने आवाज कमी झाला, पण तेवढ्यापुरताच. सुतार आणखी खिळे मारू म्हणतो. ते मला पटत नाही, कारण लाकडाच्या फुगण्या-आकसण्याने गुळगुळीत खिळा पुन्हा सैल होणारच. स्क्रू आट्यांमुळे पकड धरून ठेवतो. म्हणून तुळईच्या रेषेवर आधी बारीक भोक पाडून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवावेत, डोकी फळीत खोल घ्यावीत आणि वरून सागवानाच्या छोट्या चकत्या चिकटवाव्यात, असा विचार आहे. खाऱ्या हवेत साधे लोखंड गंजते आणि पितळी स्क्रू जून लाकडात पिळताना तुटण्याची भीती असते.

अडचण पुढे आहे. कोरड्या दिवसांत रुंद फळी दोन्ही कडांना स्क्रूने जखडली, तर पावसाळ्यात फुगताना ती चिरेल किंवा मध्ये उचलली जाईल का? प्रत्येक तुळईवर फळीच्या मध्यभागी एकच स्क्रू पुरेल का? दुसरा मार्ग म्हणजे खालून फळी आणि तुळई यांच्यामध्ये गोंद लावून पातळ पाचर सारणे; पण त्यासाठी रंगवलेली जुनी तक्तपोशी बरीच काढावी लागेल, आणि पाचर जास्त ठोकली तर फळी वर उचलली जाऊन शेजारची करकरू लागेल.

गोव्यात किंवा तळकोकणात अशी माडी ज्यांनी दुरुस्त केली आहे, त्यांनी काम जूनपूर्वी उरकावे की पावसानंतर, हे कृपया कळवावे. पणजी-म्हापसा परिसरात जुन्या लाकडाचे काम जपून करणारा सुतार माहीत असल्यास तेही सांगावे.