गॅसेंडी विवराची दक्षिणेकडील कडा इतकी खचलेली का दिसते?

नभांगण:
शुक्ल द्वादशीच्या रात्री सहा इंची दुर्बिणीतून चंद्रावरील ह्युमोरम सागराच्या (थिजलेल्या लाव्हाच्या मैदानाच्या) उत्तर काठाचे निरीक्षण करीत होतो. सुमारे ११० किलोमीटर व्यासाच्या गॅसेंडी विवराची उत्तरेकडील भिंत उंच व ठळक होती, पण दक्षिणेकडे ती जवळजवळ नाहीशी झाली होती. मधल्या शिखरांच्या पूर्वेला तळावर बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषाही जाणवल्या. भिंत खचणे आणि तळाला भेगा पडणे यांमागे एकच कारण आहे का?

शिखरवेध:
भिंतीचे उत्तर गॅसेंडीपुरते शोधू नये, तर संपूर्ण सागराभोवती नजर फिरवावी. सागराच्या दक्षिण काठावरील डॉपेलमायर विवराची उत्तरेकडील भिंत बुडालेली आहे, आणि पूर्वेकडील हिप्पालस विवराची सागराच्या बाजूची भिंत दिसतच नाही. म्हणजे प्रत्येक विवर सागराच्या मध्याकडे तोंड केलेल्या बाजूनेच मोडले आहे. अवकाशातून आदळलेल्या खडकाच्या आघाताने मूळ खोरे आधी तयार झाले, त्याच्या काठावर ही विवरे नंतर पडली आणि त्यानंतर खोऱ्यात लाव्हा भरत गेला. त्याच्या प्रचंड वजनाने मधला भाग खाली दबला, काठावरील विवरे आत कलली आणि सखल बाजूने लाव्हा आत शिरला. गॅसेंडीच्या भिंतीची उंची काही ठिकाणी अडीच किलोमीटर, तर काही ठिकाणी जेमतेम २०० मीटर आहे, यावरून हा फरक किती मोठा आहे हे लक्षात येते.

खगोलछंदी:
वरील विवेचन मला पटते, परंतु भेगांचे कारण मी वेगळे मानतो. खोरे दबल्यामुळे पडलेल्या भेगा पाहायच्या असतील तर हिप्पालसजवळच्या घळी पाहाव्यात. त्या सागराच्या काठाला समांतर अशा लांबलचक कमानींनी जातात. गॅसेंडीतील भेगांचे जाळे मात्र विवराच्या आतच पसरलेले आहे, आणि त्याचे अधिक समाधानकारक स्पष्टीकरण असे की तळाखाली शिरलेल्या शिलारसाने तळ वर उचलला व तो फाटला. तेव्हा दोन्हींचे मूळ त्या परिसरातील ज्वालामुखी हालचालींत असले, तरी भिंत खचली ती खाली दबण्यामुळे आणि तळ फुटला तो वर उचलला गेल्यामुळे.

याच भेगाळ भूभागाचा अपोलो १७ या चांद्रमोहिमेच्या उतरण्याच्या जागेच्या निवडीवरही परिणाम झाला. १९७२ च्या त्या मोहिमेसाठी अखेरपर्यंत विचारात असलेल्या तीन जागांपैकी गॅसेंडी एक होते, पण खडबडीत तळावरून मध्यवर्ती शिखरांपर्यंत पोहोचणे अंतराळवीरांना कठीण जाईल म्हणून ते मागे पडले. त्या शिखरांचे खडक हाती आले असते तर केवढी मोलाची माहिती मिळाली असती, ही खंत मला आजही वाटते.

नभांगण:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. उत्तरेकडील भिंत फोडून बसलेले लहान विवर गॅसेंडीनंतरचेच समजावे ना?

शिखरवेध:
होय. ते गॅसेंडी ए. त्याने मोठ्या विवराची कडा कापली आहे, त्यामुळे ते नंतरचे हे निश्चित. आता वद्य एकादशीच्या पहाटे पुन्हा पाहावे. तेव्हा प्रकाश पश्चिमेकडून तिरका येतो आणि तळाच्या आग्नेय भागातील, बाहेरच्या भिंतीला समांतर असलेला अर्धवर्तुळाकार कंगोरा वेगळ्या बाजूने उजळतो. शुक्ल पक्षातील रेखाटन शेजारी ठेवून दोन्हींची तुलना करावी.