मदत हवी आहे: चर्चच्या बालगायनवर्गात एक मुलगा सगळ्यांसमोर माझी टिंगल करतो, काय करू?

नमस्कार मंडळी (इथली मंडळी हं, चर्चची नव्हे, तिथे हे बोलायची सोय असती तर इथे आलेच नसते).

मी २१ वर्षांची आहे. आमच्या संडे स्कूलच्या मुलांचा गायनवर्ग दर शनिवारी भरतो. वीस-बावीस मुलं, वय ६ ते १२. शिकवतात मोठ्या बाई. त्या कीबोर्डवर बसतात आणि बाकीचं सगळं माझ्याकडे. छोट्यांकडून ओळी पाठ करून घ्यायच्या, रांगा लावायच्या, गाण्यांचे कागद वाटायचे, कोणाला शू लागली, कोणाची चप्पल हरवली ते बघायचं. पैशांचा प्रश्न नाही, सेवा आहे आणि मला ती आवडते. सध्या झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आधीचा रविवार) तयारी चालू आहे. सहा वर्षांची पोरं ‘होसान्ना’ऐवजी ‘हो सांग ना’ म्हणतात. त्यांना दुरुस्त करावंसंही वाटत नाही.

अडचण एका बारा वर्षांच्या मुलाची आहे. सूर पक्का, दोन वर्षांपूर्वी कडवं एकट्याने म्हणायचा. आता गेले दोन-तीन महिने मी ओळ म्हणून दाखवली की तीच ओळ तो नाकात म्हणतो. उभे राहा म्हटलं की हा सावकाश बसतो. मग बाकीचे खिदळतात आणि पुढची पाच मिनिटं वाया. एकदा मी गप्प बस म्हणाले तर म्हणाला, “तू कुठे टीचर आहेस? तू तर कागद वाटतेस.”

बाईंनी ते ऐकलं आणि त्या हसल्या. खरं सांगू, पोराच्या बोलण्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं.

गेल्या शनिवारी गाणं वर चढतं तिथे तो मुद्दाम किंचाळला. शेजारची एक छोटी दचकून रडायलाच लागली. मी त्याला दहा मिनिटं बाहेर व्हरांड्यात उभं केलं. माझा आवाज चढला होता, कबूल. रात्री त्याच्या आईचा मेसेज: “मदतीला येता ना, मग मदत करा. आमच्या मुलाला शिक्षा करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?” बाईंना दाखवला तर म्हणाल्या, “मुलंच ती, मनाला लावून घेऊ नकोस.” पाळकसाहेबांनी प्रेमाने बायबलमधलं १ तीमथ्य ४:१२ ऐकवलं, तुझ्या तरुणपणामुळे कोणी तुला तुच्छ मानू नये म्हणून. वचन छानच आहे, पण ते पाठ मला करायचंय की त्या मुलाला?

मला एवढंच कळत नाहीये की मदतनीस म्हणून मी मुलांना किती दटावू शकते. आणि जिच्या हाताखाली काम करतेय तिलाच हे गंभीर वाटत नसेल तर बोलायचं कसं? वर्ग सोडायचा नाहीये.

बेसूर_तबलजी:
गाणं कोणत्या पट्टीत आहे? आणि हा एरवीही किंचाळतो की तेवढ्याच जागी?

धागाकर्ती:
पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी सा धरून. धृपदात तार षड्जाला, वरच्या सा ला जातं. आणि हो… तेवढ्याच जागी. हे लक्षातच आलं नव्हतं.

बेसूर_तबलजी:
मग त्याचा आवाज फुटायला लागलेला असू शकतो. साधारण १२ ते १४ मध्ये फुटतो, काहींचा आधीही. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, शेवटी आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मधल्या काळात वरचे सूर आधी दगा देतात. काल जो मुलगा एकटा कडवं म्हणायचा त्याचा सूर आज सगळ्यांसमोर फाटला, तर तो काय करेल? फाटण्याआधी स्वतःच फाडेल. निदान लोकांना वाटतं की मुद्दाम केलं. मीही त्या वयात हेच केलंय आणि म्हणूनच पुढे तबल्याकडे वळलो.
पट्टी खाली आणा. त्याला खालच्या सुरातली वेगळी ओळ द्या. सगळ्यांसमोर ‘तुझा आवाज फुटलाय का’ असं मात्र चुकूनही विचारू नका.

दोन_पोरांची_आई:
आवाजाचं पटलं, पण ‘तू कागद वाटतेस’ हे काही आवाज फुटल्यामुळे येत नाही. ते बाईंच्या हसण्यावर पोसलंय. ताई, मत्तय १८:१५ बघा: ज्याने दुखावलं त्याच्याकडे आधी एकट्याने जा. तुम्ही पाळकसाहेबांपर्यंत पोचलात, पण ‘तुम्ही हसलात आणि मला वाईट वाटलं’ हे बाईंना सांगितलंत का? मुलाची तक्रार वेगळी आणि हे वेगळं. त्यांच्याकडे एकच गोष्ट मागा. पुढच्या वर्गात त्यांनी मुलांना स्वतःच्या तोंडाने सांगावं की ताईने सांगितलं म्हणजे मी सांगितलं. तुमचा अधिकार त्यांच्याकडूनच येणार, ओरडून येणार नाही.
व्हरांड्याचं मात्र चुकलंच. मूल नजरेआड गेलं आणि काही झालं तर जबाब तुम्हालाच द्यावा लागेल. वेगळं बसवायचं तर त्याच खोलीत, कीबोर्डशेजारी. आणि समजवायला म्हणून बंद खोलीत एकट्याला नेऊ नका. बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही तरी चालेल, पण दोघं दिसली पाहिजेत.
आईला मेसेजवर उत्तर देऊ नका, भेटा. आवाज चढवल्याची माफी मागा, थांबवल्याची मागू नका.

वाटसरू:
एक महिना जाऊच नका. आपोआप किंमत कळेल.

धागाकर्ती:
वाटसरू, मग कागद कोण वाटणार? :)

धागाकर्ती (पुढच्या शनिवारी रात्री):
वर्गाच्या अर्धा तास आधी जाऊन बाईंशी बोलले. हात थरथरत होते. त्या आधी म्हणाल्या, “मी तुला हसले नाही गं, त्याच्या हजरजबाबीपणाला हसले.” मी म्हटलं, मुलांना ते दोन्ही एकच दिसतं. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलांना सांगितलं, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच नाही, पण सांगितलं.

कीबोर्डचं ट्रान्सपोजचं (पट्टी वरखाली करायचं) बटण तीनदा दाबून गाणं पांढरी दोनवर आणलं. बाई कुरकुरल्या, छोट्यांना खालचे सूर नीट लागत नाहीत म्हणून, आणि ते खरंही आहे. पहिली ओळ पुटपुटल्यासारखी येते. पण तो किंचाळला नाही. खालची ओळ दिली तर “हे काय म्हाताऱ्यांचं गाणं” म्हणाला आणि म्हटली. कागद त्यानेच माझ्या हातातून हिसकावून घेऊन वाटले. हा उद्धटपणा धरायचा की मदत, देव जाणे.

त्याची आई उद्या उपासनेनंतर भेटणार आहे. बाई स्वतःहून म्हणाल्या, “मी येते सोबत.” नेऊ का त्यांना? की दोघी मिळून आलो म्हणून आई अजूनच बिथरेल?