प्रवरेच्या घळींतून वाहून जाणारी माती थांबते कुठे? गाळाचा हिशेब मांडण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

भूगोलाच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी संगमनेर ते नेवासे या पट्ट्यातील प्रवरा नदीचे खोरे निवडले आहे. रतनगडाजवळ उगम पावलेली ही नदी भंडारदरा आणि निळवंडे ही धरणे ओलांडून सपाटीवर आली की तिच्या काठांवर जुन्या गाळाचे जाड थर दिसू लागतात. १९५४ ते १९५६ या काळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी नेवासे येथे उत्खनन केले आणि तेथील गाळथरांतील अवजारांमुळे हे गाव मध्य पुराश्मयुगाच्या अभ्यासात महत्त्वाचे ठरले. म्हणजे हा गाळ आजकालचा नव्हे. शेवटच्या हिमयुगात पावसाळा क्षीण झाल्याने नदीला आपला भार वाहून नेता आला नाही व तो साचत गेला, आणि पुढे पाऊस वाढल्यावर तिने तोच गाळ कापायला सुरुवात केली, असे अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. आज त्या थरांत ओढ्यांनी घळींचे जाळे कोरले आहे, आणि अनेक ठिकाणी यंत्रे लावून या घळी सपाट करून शेती केली जात आहे.

माझी अडचण अशी आहे. उतार, पाऊस, मातीचा प्रकार आणि पीक यांवरून धूप काढण्याचे प्रचलित सूत्र वापरले, तर शेतातून किती माती सुटते याचा अंदाज मिळतो. परंतु सुटलेली सगळी माती नदीत पोहोचत नाही. काही उताराच्या पायथ्याशी, काही शेताच्या बांधाला, काही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे अडते, आणि उरलेली प्रवरासंगमाजवळ जायकवाडीच्या फुगवट्यात शिरते. हा पोहोचणारा वाटा प्रत्यक्ष मोजमापावरून कसा ठरवावा?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हा गाळ शेताच्या वरच्या थरातला आहे की घळींच्या कडा ढासळून आलेला, हे कसे ओळखावे? पहिले खरे असेल तर बांधबंदिस्ती हा उपाय आहे, दुसरे खरे असेल तर घळीच्या माथ्यावरच काम करावे लागेल. चुकीच्या जागी खर्च झाला तर माती जातच राहील. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

नमस्कार. नदीपासून सुरुवात करू नका, एखाद्या ओढ्यावरील पाझर तलावापासून करा. उन्हाळ्यात तळ उघडा पडल्यावर जागोजागी खड्डे घेऊन मूळ जमिनीपर्यंत गाळाची जाडी मोजा, त्यावरून घनफळ काढा, गाळाच्या कोरड्या घनतेने गुणा आणि तलावाचे वय व पाणलोट क्षेत्र यांनी भागा. सांडव्यावरून गेलेला बारीक गाळ यात येत नाही, म्हणून हा आकडा किमान समजावा. त्याच पाणलोटासाठी सूत्राने काढलेल्या धुपीशी तो ताडून पाहिला की पोहोचणाऱ्या वाट्याचा अंदाज येईल. मात्र 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावातील गाळ काढला गेला आहे का, हे आधी ग्रामपंचायतीत विचारा. काढला असेल तर तो तलाव या कामासाठी निरुपयोगी आहे.

हा दर संपूर्ण खोऱ्याला मात्र लावू नये. क्षेत्र वाढते तशा गाळ अडण्याच्या जागाही वाढतात आणि दर चौरस किलोमीटरमागे मिळणारा गाळ सहसा घटतो. शिवाय १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा आणि त्याखालचे निळवंडे ही धरणे वरचा बहुतेक गाळ रोखतात, त्यामुळे ते क्षेत्र हिशेबातून वेगळे काढणे आवश्यक आहे.

गाळाचा उगम रंगावरून किंवा चुनखडीवरून ठरवू नका. काळी माती आणि जुना गाळ या दोन्हींत चुनखडी आढळते. सिझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ त्यासाठी चांगला निकष आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे तो वातावरणातून जमिनीवर पडला आणि मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटून राहिला, त्यामुळे तो वरच्या थरात सापडतो आणि घळीच्या खोल कडेत जवळजवळ नसतो. शेत, घळीची कड आणि तलाव अशा तिन्ही ठिकाणचे नमुने समान बारकाईने चाळून मगच तुलना करा, कारण चिकणमाती जास्त असलेल्या नमुन्यात सिझियमही जास्त दिसते. प्रयोगशाळेची सोय होईपर्यंत घळीच्या कडांत लोखंडी सळ्या ठोकून ठेवा आणि पावसाळ्याआधी व नंतर त्यांची उघडी लांबी मोजा.