आधी चौकट तपासा, मग खिडकी बदला

दुहेरी काचेच्या खिडक्यांत दोन काचांच्या मध्ये धुकं साचतंय म्हणून सगळ्या खिडक्या आणि पुढचं दार बदलायचं का, असा मूळ प्रश्न आहे. मधल्या पोकळीत धुकं म्हणजे दोन काचांना कडेने बंद करणारं सील गेलंय. चौकट सरळ आणि घट्ट असेल तर फक्त काचांची जोडी बदला, मोठा खर्च वाचेल. खोलीच्या बाजूने पाणी जमत असेल तर मात्र आधी आतल्या दमट हवेचा बंदोबस्त करा.

नवीन घेताना काचांमधलं अंतर 16 मिमीच्या आसपास ठेवा. फार वाढवलं तर आतली हवा फिरू लागते आणि उष्णता पलीकडे नेते. आवाजाचा त्रास असेल तर 6 आणि 4 मिमी अशा वेगळ्या जाडीच्या काचा घ्या. सारख्या काचा एकाच वारंवारतेला कंप पावतात.

भिंतीतल्या मोकळ्या जागेची रुंदी-उंची तीन-तीन ठिकाणी मोजून सर्वांत कमी माप धरा, त्यातून 10 मिमी वजा करा. दोन्ही कर्णही मोजाच, ते सारखे नसतील तर जागा तिरकी आहे.

खरा घोळ बसवताना होतो. चौकट आणि भिंतीमधला फोम फट बुजवतो, वजन पेलत नाही, म्हणून चौकट स्क्रूने भिंतीला पक्की करा. कोपऱ्यापासून साधारण 150 मिमीवर पहिला स्क्रू, पुढे 600 मिमीहून जास्त अंतर नको. खालच्या चौकटीतली पाणी निघायची छिद्रं सिलिकॉनने बुजवू देऊ नका, नाहीतर नवं सीलही पाण्यात बसून खराब होईल.

दाराला काच हवी असेल तर टफन्ड (उष्णतेने मजबूत केलेली) किंवा लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) काचच घ्या. कुलूप वर, मध्ये, खाली अशा तिन्ही ठिकाणी अडकणारं हवं.