मदत हवी आहे: इंग्लंडमधलं समुद्रकाठचं जुनं गाव, शनिवार-रविवार

सुमेध_क
पुढच्या शनिवार-रविवारी समुद्रकाठच्या एखाद्या जुन्या गावात जायचंय. ऐतिहासिक हवं, नुसते पाळणे आणि आइस्क्रीमच्या गाड्या नकोत. ब्रायटन सुचवू नये, झालंय. हॉटेलांचे दर रोज चढताहेत, आज रात्री बुकिंग करून टाकायचंय. याद्या वाचून डोकं फिरलंय, प्रत्येक यादीत दहा गावं आणि दहाही देशाच्या दहा कोपऱ्यांत. एकच नाव सांगा.

यॉर्कशायरची_मावशी
डोळे मिटून व्हिटबी. वर कड्यावर मठाचे अवशेष (मूळ मठ ६५७ सालचा, हिल्डा नावाच्या बाईने स्थापलेला), खाली नदीच्या मुखाशी बंदर, बोटी आल्या की बाजूला फिरणारा पूल, आणि गावातून मठाकडे चढणाऱ्या १९९ पायऱ्या. जेम्स कुक पोरगेला असताना इथल्याच एका जहाजमालकाकडे उमेदवारी करत होता, त्या घरात आता संग्रहालय आहे. त्याचं एन्डेव्हर जहाजही इथेच बांधलेलं, तेही कोळसा वाहायला. यापेक्षा ऐतिहासिक काय हवं?

टेम्सकाठी
मावशी, थांबा जरा. सुमेध, निघणार कुठून? किती जण? गाडी आहे का?

सुमेध_क
ट्रेनने. तीन तासांच्या आत पोचलं पाहिजे.

टेम्सकाठी
अहो पण कुठून तीन तास?

घाटावरचा
तीन तासांत म्हणजे हेस्टिंग्ज. फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं ती १०६६ ची लढाई माहीतच असेल. वर नॉर्मन किल्ला, खाली जुन्या गावात कोळ्यांच्या उंच, काळ्या, लाकडी खोल्या. जाळी वाळत ठेवायच्या. जमीन कमी म्हणून उभ्या बांधत गेले. बंदर नाही, त्यामुळे बोटी अजून थेट खड्यांच्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. हे दृश्य आता इंग्लंडात फारसं कुठे राहिलेलं नाही. दोन्ही टेकड्यांवर जायला रुळांवरच्या लिफ्ट आहेत. शिवाय तिथून ट्रेनने राय गाठा, दगडी गल्ल्या, लाकडी घरं, एकदम जुनं.

चौकस
लढाई हेस्टिंग्जमध्ये झालीच नाही. ती झाली दहा-एक किलोमीटर आत, त्या गावाचं नावच बॅटल आहे. आणि राय समुद्रकाठी कुठे आहे? समुद्र मागे हटून कितीतरी शतकं झाली, आता मध्ये नुसती शेतं आणि मेंढ्या.

घाटावरचा
हेस्टिंग्जला लढाई झाली असं मी लिहिलं का? 'माहीतच असेल' एवढंच लिहिलंय. आणि समुद्र हटला हाच तर रायचा इतिहास.

यॉर्कशायरची_मावशी
व्हिटबीचा समुद्र आहे तिथेच आहे हो.

हर्णैकर
गंमत वाटते. समुद्र आणि किल्ला एकत्र बघायला पौंड मोजायचे? आमच्याकडे या. सुवर्णदुर्ग भर पाण्यात उभा आहे, बोटीने जा, वर कोणी नसतं. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघा. तुमच्या त्या मठापेक्षा जास्त इतिहास.

टेम्सकाठी
हर्णैकर, रविवारी रात्री परत येऊन सोमवारी कामावर जायचंय त्यांना. सुमेध, माहिती द्या, नाहीतर हे असंच चालणार.

सुमेध_क
ठीक आहे. रेडिंगहून. चौघं. गाडी नाही, अजून लायसन्स झालं नाही. बजेट मध्यम. बास? आता नाव सांगा.

यॉर्कशायरची_मावशी
चौघं म्हणजे मुलं आहेत का? किती वयाची? मुलं असतील तर पायऱ्या मोजत चढतात, मजा येते त्यांना.

सुमेध_क
मुलं नाहीत. मी, बायको आणि आई-बाबा. ते तीन महिन्यांसाठी आलेत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालते छान पण चढ-उतार नको. बाबा निवृत्त मुख्याध्यापक, इतिहासाचं वेड. ब्रायटनला त्यांना सावरकरांसाठी नेलं होतं, तिथे किनाऱ्यावर बराच वेळ उभे होते. आता तसंच काहीतरी हवं, ज्यात त्यांना काही *सापडेल*. लंडन टॉवरमध्ये त्यांना कंटाळा आला.

टेम्सकाठी
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतं तर १९९ पायऱ्यांवर एवढी शाई गेली नसती.

यॉर्कशायरची_मावशी
मठाशेजारी वर गाड्या उभ्या करायची सोय आहे. टॅक्सी करा, पायऱ्या चढायची गरजच नाही.

टेम्सकाठी
मावशी, रेडिंगहून व्हिटबी म्हणजे आधी लंडन, मग यॉर्क किंवा मिडल्सब्रो, तिथून पुढे दिवसाकाठी मोजक्याच गाड्या असलेली एस्क खोऱ्याची लाइन किंवा बस. शनिवार प्रवासात, रविवार प्रवासात. मठ बघणार कधी?

दोन_पैसे
आई-बाबांचा आरोग्य विमा आहे ना? व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना सरकारी रुग्णालयात बऱ्याच उपचारांचे पैसे भरावे लागतात. गुडघ्याच्या ऑपरेशनचा उल्लेख पॉलिसीत केलाय का ते बघा. जुनं दुखणं लपवलं तर दावा नाकारतात.

सुमेध_क
विमा आहे. प्रश्न गावाचा आहे.

चौकस
ब्रायटन झालं म्हणता, छत्री पाहिली का? गावाबाहेर टेकडीवर संगमरवरी घुमट आहे. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांना ब्रायटनच्या शाही महालात रुग्णालय करून ठेवलं होतं. त्यांतले जे हिंदू आणि शीख सैनिक वारले, त्यांच्यापैकी ५३ जणांचं दहन त्या टेकडीवर झालं. स्मारक १९२१ सालचं. बहुतेक लोक महाल बघून परततात. जाणार असाल तर रस्त्यापासून शेतातून चालत चढावं लागतं, आईंना झेपेल का ते बघा.

सुमेध_क
नाही पाहिली. हे बाबांना आवडलं असतं. पण चढ आहे म्हणता, आणि ब्रायटनला परत जायला बायको तयार नाही.

दर्यावर्दी_
बाबा मूळचे कुठले?

सुमेध_क
त्याचा काय संबंध? जालना जिल्हा. आमचं गाव असईपासून जवळ आहे.

दर्यावर्दी_
मग सगळाच संबंध आहे. डीलला जा. केंटचा किनारा.

२३ सप्टेंबर १८०३ ला असईत शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी जो आर्थर वेलस्ली लढला, तोच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १४ सप्टेंबर १८५२ ला डीलला लागून असलेल्या वॉल्मरच्या किल्ल्यात वारला. 'लॉर्ड वॉर्डन' (या किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांचा मानाचा रखवालदार) या पदाबरोबर त्याला तो किल्ला राहायला मिळाला होता. खोली जपून ठेवली आहे. आत लोखंडी, अरुंद, लष्करी पलंग आणि ज्या खुर्चीत तो गेला ती खुर्ची. एवढा मोठा माणूस आणि झोपायला हे, असं वाटतं. त्याचे बूटही तिथेच आहेत, ज्यांच्यावरून पावसाळी बुटांना 'वेलिंग्टन' म्हणतात.

बाबांनी केळना नदीचा उतार पाहिलाच असेल. वाटाड्ये सांगत होते की उतार नाही. वेलस्लीने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि म्हटलं, दोन्हीकडे गाव आहे म्हणजे मध्ये उतार असणारच. तिथूनच फौज पार केली. शिंद्यांच्या तोफांनी त्याची दाणादाण उडवली तरी जिंकला. म्हातारपणी त्याला विचारलं, तुमची सगळ्यात सरस लढाई कोणती, तर म्हणे वॉटर्लूचं नाव न घेता 'असई' एवढंच म्हणाला.

घाटावरचा
म्हणजे ज्याने आपल्याला हरवलं त्याची खुर्ची बघायला तिकीट काढून जायचं? धन्य.

दर्यावर्दी_
पानिपतला जातोच की आपण.

चौकस
दर्यावर्दी, पूर्ण सांगा मग. असईत शिंद्यांचं पायदळ कवायती होतं आणि पोलमान नावाच्या जर्मनाच्या हाताखाली लढत होतं. 'आपण' विरुद्ध 'ते' एवढं सरळ नव्हतं.

घाटावरचा
झालं, आता पोलमान. धागा समुद्रकाठच्या गावांचा होता ना?

सुमेध_क
थांबा. बाबांना नुसतं विचारलं, वेलस्ली कुठे वारला माहितीये का. म्हणाले 'वॉल्मर', आणि मग विचारलं, 'का?' सांगितल्यापासून हातात वही आहे. डील बघतोय. आईला चालता येईल का तिथे? जायचं कसं? खायचं काय? आम्ही चौघंही शाकाहारी, अंडंही नाही.

टेम्सकाठी
रेडिंगहून पॅडिंग्टन वेगवान गाडीने, मग एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डन, तिथून थेम्सलिंकने एकच स्टेशन, सेंट पँक्रास. फॅरिंग्डनला लिफ्ट आहेत, आईंना जिने नकोत. सेंट पँक्रासहून डीलला हायस्पीड गाडी, साधारण दीड तास. चौघं एकत्र असाल तर 'ग्रुपसेव्ह' बघा, तीन ते नऊ जणांना ऑफ-पीक तिकिटावर एक तृतीयांश सूट, कार्डही लागत नाही. सीनियर रेलकार्ड याच्यावर चालणार नाही, दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

दर्यावर्दी_
डील सपाट आहे. स्टेशनपासून वॉल्मरचा किल्ला साधारण तीन किलोमीटर, पण समुद्राकाठचा रस्ता सरळ आहे आणि मध्ये बाकं. नको वाटलं तर टॅक्सी. वाटेत डीलचा किल्ला लागतो, आठव्या हेन्रीने १५३९-४० मध्ये फ्रेंचांच्या भीतीने बांधलेला. वरून बघितला तर फुलासारख्या पाकळ्या दिसतात. आत मात्र जिने वळणावळणाचे आणि अरुंद, तिथे आईंना बाहेरच बसवा. वॉल्मरची बाग त्यांना आवडेल. किल्ल्यात किती पायऱ्या चढाव्या लागतील ते आधी फोन करून विचारा, आणि उघडायचे वारही. दोन्ही किल्ले इंग्लिश हेरिटेजकडे, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहेत. आई-बाबांसाठी परदेशी पाहुण्यांचा पास मिळतो, नऊ किंवा सोळा दिवसांचा. डोव्हरचा किल्लाही त्यातच येतो.

किनारा मात्र वाळूचा नाही, खड्यांचा आहे. आईंना पाण्यापर्यंत नेऊ नका, पाय रुततात आणि घसरतात. १९५७ चा धक्का आहे, त्यावरून समुद्रात लांब चालत जाता येतं, तेच करा.

यॉर्कशायरची_मावशी
खाण्याचं मी सांगते. चिप्स घेताना कशात तळता ते *विचारा*. आमच्याकडे यॉर्कशायरमध्ये गाईच्या चरबीत तळायची जुनी पद्धत आहे आणि दुकानदार ते अभिमानाने फळ्यावर लिहितात. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल असतं, पण त्याच कढईत मासेही तळलेले असतात. सांगितलं तर सांगतात, न विचारता कोणी सांगत नाही.

टेम्सकाठी
म्हणजे शाकाहारी माणसांना तुम्ही मघापासून व्हिटबीला पाठवत होतात.

यॉर्कशायरची_मावशी
शाकाहारी आहेत हे आत्ता कळलं ना! तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं बरोबर घे रे सुमेध, दोन दिवस टिकतात. फक्त बाकावर उघड्यावर डबा ठेवू नकोस. समुद्रपक्षी मागून येऊन हातातली पुरी नेतात, बोटालाही चोच बसते.

दोन_पैसे
रविवारी डोव्हरला जाणार असाल तर मोबाइलचं रोमिंग बंद करा. कड्यांखाली सेंट मार्गारेट्स बे भागात फोन फ्रान्सचं नेटवर्क पकडतो. बिलाचं सोडा, घड्याळ आपोआप एक तास पुढे जातं आणि गाडी चुकली असं वाटून माणूस धावत सुटतो.

हर्णैकर
तिथून फ्रान्स दिसतं का खरंच? मग बोटीने जाऊन येता येईल की दिवसात.

टेम्सकाठी
हवा स्वच्छ असली की दिसतं. पण भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागेल. सुमेध, हे मनावर घेऊ नका.

सुमेध_क
डीलला दोन खोल्या तळमजल्यावर मिळाल्या, बुक केल्या. शनिवारी वॉल्मर, रविवारी सकाळी धक्का आणि बाबांना वेळ मिळाला तर डीलचा किल्ला. डोव्हर बघू, टेकडीवर आहे म्हणतात. पुऱ्यांचं आईला सांगितलं, ती म्हणाली दशम्या करीन. मावशी, व्हिटबी उन्हाळ्यात लायसन्स झाल्यावर.

टेम्सकाठी
रविवारच्या गाड्या आत्ताच तपासा. केंटात शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि अर्ध्या वाटेवर बसमध्ये बसवतात.

सुमेध_क
तपासलं. परतीला ॲशफर्डपर्यंत बस दाखवतेय. मग डोव्हर नकोच, दुपारी दोनला निघतो. बाबा विचारताहेत की त्या खोलीत फोटो काढू देतात का. कोणाला माहीत आहे?