आई-बाबांसोबत लॉजपोलला तंबूत मुक्काम : थंडी, अस्वले आणि स्वयंपाक यांविषयी मदत हवी आहे

नमस्कार. जूनच्या मध्यावर कॅलिफोर्नियातील सिक्वोया राष्ट्रीय उद्यानात, लॉजपोल कॅम्पग्राउंडमध्ये आम्ही तंबूत मुक्काम करणार आहोत. मी, पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी असे तिघे यापूर्वी अशा ठिकाणी राहिलो असल्यामुळे तंबू, शेगडी, कंदील वगैरे सामान घरात आहे. या वेळी मात्र साताऱ्याहून आलेले आई-बाबा बरोबर असतील आणि माझे सगळे प्रश्न त्यांच्यासंबंधी आहेत. बाबा सत्तरीच्या आसपासचे असून त्यांचा रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात आहे. आईचे गुडघे दुखतात आणि घाटात तिला गाडी लागते. हॉटेलात उतरू, असे मी सुचवून पाहिले; परंतु नदीकाठी झाडांखाली झोपायचे, हे दोघांच्याही मनाने घेतले आहे आणि ते मोडावे असे मलाही वाटत नाही.

पहिली शंका उंचीची आहे. लॉजपोल समुद्रसपाटीपासून सुमारे ६,७०० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही बरेच वर. दिवसा हवा सुखद असली तरी जूनमध्ये रात्री पारा पाच-सात अंश सेल्सियसपर्यंत उतरतो. आईला जमिनीवरून उठणे जमत नाही, त्यामुळे दोघांसाठी घडीच्या खाटा घ्याव्यात असा विचार आहे. पण खाटेखालून गार हवा खेळत राहिली तर स्लीपिंग बॅग पुरेल का? हवा भरायची गादी खाटेवर टाकून भागते का? बाबांना रात्री किमान दोनदा उठावे लागते. स्वच्छतागृह आमच्या जागेपासून फार लांब नाही, परंतु अंधारात, मुळांवरून आणि दगडांवरून चालत जाणे, तेही झोपेतून उठून, मला धोक्याचे वाटते. ज्यांनी वडीलधाऱ्यांना असे नेले आहे, त्यांनी याची काय सोय केली?

दुसरी शंका अस्वलांची, किंवा खरे सांगायचे तर आईच्या पिशवीची. प्रत्येक जागेवर लोखंडी पेटी असते आणि अन्नच नव्हे, तर वास येणारी प्रत्येक वस्तू रात्रंदिवस त्या पेटीत ठेवावी लागते, गाडीतही ठेवता येत नाही, हा नियम मला माहीत आहे. टूथपेस्ट आणि साबण मी लक्षात ठेवीन. पण खोबरेल तेलाची बाटली, गुडघ्याला चोळायचे मलम, उदबत्तीचा पुडा, प्रवासात तोंडात टाकायची आवळासुपारी, बाबांच्या गोळ्या यांपैकी काय काय पेटीत जाते? रात्री दहा वाजता आईला मलम हवे असेल, तर ते लावून तिने तंबूत झोपावे की नाही? प्रश्न हास्यास्पद वाटेल, तरी मला त्याचे नीट उत्तर हवे आहे, कारण आई तो मला नक्की विचारणार आहे.

तिसरी गोष्ट स्वयंपाकाची. दोन्ही वेळा सँडविच खाऊन आई-बाबा राहणार नाहीत. वरणभात, पिठले, निदान खिचडी तरी करावी लागेल. हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास दूरवर जातो. त्याने अस्वले येतील अशी भीती पत्नीला वाटते. सगळे कोरडेच न्यावे का? खरकटे पाणी कोठे टाकतात?

नदीविषयी मला वेगळे विचारायचे नाही. कवीया नदीची मार्बल फोर्क ही शाखा कॅम्पग्राउंडमधूनच वाहते. जूनमध्ये तिला वरच्या वितळत्या बर्फाचे पाणी असते आणि या उद्यानातील मृत्यूंचे बुडणे हे एक प्रमुख कारण आहे. पाण्यात कोणी उतरायचे नाही, हे मुलीला आणि बाबांना, दोघांनाही आत्ताच सांगून ठेवले आहे. बाबा कृष्णेत पोहायला शिकलेले असल्यामुळे त्यांना ते पटलेले नाही, एवढेच.

प्रतिसाद :

आम्ही माझ्या सासू-सासऱ्यांना लॉजपोललाच नेले होते, म्हणून रस्ता आणि रात्र या दोन गोष्टींवर लिहिते.

उद्यानाच्या पायथ्याच्या थ्री रिव्हर्स गावाकडून १९८ क्रमांकाच्या रस्त्याने वर चढू नका. अंतर कमी दिसते, पण चढ तीव्र आहे आणि वळणे संपता संपत नाहीत. ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल होतात. फ्रेस्नोहून १८० क्रमांकाच्या रस्त्याने ग्रँट ग्रोव्हपर्यंत जा, तेथे तासभर थांबा, आईंना थोडे चालू द्या आणि मग जनरल्स हायवेने लॉजपोल गाठा. त्या रस्त्यालाही वळणे आहेत, तरी चढ सौम्य आहे. उद्यानाच्या हद्दीत पेट्रोल पंप नाही आणि फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, तेव्हा टाकी खालीच भरून घ्या.

हवा भरलेली साधी गादी थंडीत उपयोगाची नाही, कारण आतली हवा शरीराची ऊब खाली वाहून नेते. खाटेवर आधी जाड फोमची बंद पेशींची (closed-cell, म्हणजे आत हवा न खेळणारी) चटई, तिच्यावर दुहेरी घडीची घोंगडी आणि मग स्लीपिंग बॅग असे थर करा. बॅगेवर छापलेले तापमान हे सुखाने झोप लागण्याचे असतेच असे नाही. बऱ्याचदा ते जेमतेम तग धरण्याचे असते. त्यामुळे शून्य अंशाची किंवा त्याहून उबदार बॅग घ्या, मोकळी घ्या आणि तिची चेन बाजूने पूर्ण उघडणारी असू द्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला निमुळत्या बॅगेतून बाहेर येणे ही शिक्षाच आहे. कानटोपी, लोकरी मोजे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी यांना पर्याय नाही.

साधारणपणे उंचीचा गंभीर त्रास आठ हजार फुटांच्या वर सुरू होतो. लॉजपोलला डोके दुखणे, धाप लागणे किंवा झोप न येणे इतपत होऊ शकते. पहिल्या दिवशी जनरल शर्मन हा प्रसिद्ध महाकाय सिक्वोया वृक्ष पाहण्याची घाई करू नका. वाट लहान असली तरी परतताना चढ आणि पायऱ्या आहेत. बाबांच्या गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध असेल, तर ती गोळी घेण्याच्या वेळेविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. रात्रीचे उठणे कदाचित त्यानेच कमी होईल. मोठे रुग्णालय व्हिसेलियाला, म्हणजे घाट उतरून किमान दीड तासावर आहे, हेही हिशेबात धरा.

प्रतिसाद :

अस्वलांबद्दल. कॅलिफोर्नियात आता फक्त काळी अस्वले आहेत, मग त्यांचा रंग तपकिरी का दिसेना. ग्रिझली ही मोठी, वेगळ्या जातीची अस्वले येथून १९२० च्या दशकातच नाहीशी झाली. फोडणीच्या वासाने अस्वल जेवणाच्या पंक्तीत येऊन बसत नाही. ते येते मागे सोडलेल्या, राखण नसलेल्या अन्नाकडे. बिनधास्त फोडणी द्या, मात्र पातेले शेगडीवर ठेवून नदी पाहायला जाऊ नका. जेवण झाले की भांडी लगेच घासा, खरकटे गाळून कचऱ्याच्या अस्वलरोधक पेटीत टाका आणि उरलेले पाणी त्यासाठी नेमलेल्या जागीच ओता. नदीत किंवा झाडाखाली नाही.

आईंच्या पिशवीतील तेल, मलम, उदबत्ती, आवळासुपारी, सगळे पेटीत. गोळ्याही पेटीतच ठेवा आणि वेळ झाली की काढून द्या. मलम झोपण्याच्या तासभर आधी चोळावे, बाटली पेटीत जावी आणि कपडे बदलून झोपावे, म्हणजे झाले. गाडीतील मुलीच्या आसनाखालचा बिस्किटांचा चुरा आधी झाडून घ्या. तो सगळेच विसरतात.

कुकर मात्र नक्की न्या. त्या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते, म्हणून शिट्ट्या त्याआधी उरकाव्यात.

मूळ प्रश्नकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. रस्ता बदलला आहे आणि कुकर सामानाच्या यादीत सर्वांत वर गेला आहे. रात्रीच्या उठण्याबद्दल डॉक्टरांशी बोलेन. पण त्याने पूर्ण भागणार नाही, हे उघड आहे. घडीची कमोड खुर्ची वेगळ्या छोट्या तंबूत ठेवण्याची कल्पना पत्नीने मांडली आहे. असे कोणी केले असल्यास ती सकाळी रिकामी करण्याची सोय कशी केली आणि एका जागेवर दोन तंबूंच्या जोडीला तिसरा छोटा तंबू उभारू देतात का, एवढे कृपया सांगावे. बाबांना विचारले तर ते खुर्चीला नाहीच म्हणतील, म्हणून तूर्त त्यांना विचारलेले नाही.